गिऱ्हाइकाचा फोन हातात घेशील तेव्हा

पोरी, आता स्टुडिओचं काउंटर तू सांभाळणार. कॅमेरा तुला चांगला येतो, फोटोशॉपमध्ये तर तू माझ्या पुढे आहेस, त्यामुळे त्यातलं मी काही सांगत नाही. पण हल्ली बरीचशी माणसं आपल्याकडे फोटो काढून घ्यायला येतच नाहीत. फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘यातलं जरा काढून द्या.’ कुणाला बारशाचा अल्बम करायचा असतो, कुणाला गेलेल्या वडिलांचा फोटो मोठा करून फ्रेम करायचा असतो, कुणाला परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवून हवी असते. काम साधं, आणि अडतं ते पहिल्याच पायरीवर. फोन कॉम्प्युटरला लावला तरी दिसत नाही. दिसला तर आतून रिकामा. रिकामा नसला तर कॉपी मध्येच तुटते. दोष कुठून शोधत यायचं याचा एक क्रम आहे, तो धरून ठेव. शिकलेली माणसंसुद्धा आधी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि दोष वायरीत सापडतो.

क्रमाच्याही आधी एक गोष्ट सांगते, ती कधीच मोडायची नाही. फोन हातात घेताना असं समजूनच घ्यायचा, की यात जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही. बहुतेक घरांत ते खरंच तसं असतं. म्हणून आपल्या दुकानात ‘कट’ करायचं नाही. फक्त कॉपी. कट केलं आणि मध्येच वायर हलली, तर काही फाइली इकडे पुऱ्या आलेल्या नसतात आणि तिकडेही राहिल्याची खात्री नसते. शिवाय केबलीने लावलेल्या फोनमधली फाइल कॉम्प्युटरवरून डिलीट केली की ती रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट पुसली जाते. गिऱ्हाईक म्हणालं, ‘ताई, फोन फुल झालाय, घेतलेत की उडवून टाका,’ तरी आपण उडवायचं नाही. त्यांच्या हाताने, त्यांच्या फोनच्या गॅलरीतून उडवू दे. बऱ्याच फोनांत गॅलरीतलं डिलीट केलेलं साधारण ३० दिवस कचऱ्याच्या पेटीत राहतं, आयफोनमध्येही ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये तसंच. चुकून गेलेला फोटो तेवढ्या मुदतीत परत मिळतो.

आता वायर. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली, असं धरून चालू नकोस. नेहमीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. ट्रिमर, छोटे स्पीकर, इमर्जन्सी लाइट यांच्यासोबत येणाऱ्या पुष्कळ केबलींत डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. रस्त्यावरच्या स्वस्त केबलींतही बऱ्याचदा हेच. त्यांनी चार्जिंग होईल, फाइल कधीच येणार नाही. म्हणून खात्रीच्या डाटा केबली आपल्या खणात लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या ठेवल्यात, त्या चार्जिंगला कुणाला देऊ नकोस. गिऱ्हाइकाने स्वतःची केबल आणली असेल तरी पहिली आपली लावून बघ.

केबल लावल्यावर कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेव. विंडोज जोडणीचा आवाज करतं. फोन चार्ज होतोय पण आवाज नाही, स्क्रीनवर काही हललं नाही, तर बहुतेक वेळा दोष केबलीत, पोर्टात किंवा फोनच्या भोकात. आवाज आला, फोनचं नावही दिसलं, पण उघडल्यावर आत काही नाही, तर दोष फोनच्या सेटिंगमध्ये. आवाज येतो, जातो, पुन्हा येतो, तर पिन सैल आहे. एवढं ओळखता आलं की निम्मा शोध संपतो.

फोनच्या भोकाबद्दल सांगते, कारण इकडे कुणी बघतच नाही. खिशात, पर्समध्ये, शेतावर फिरणाऱ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात कपड्याचा लिंट आणि धूळ दाबून बसते. पिन पूर्ण आत जात नाही. विजेच्या टोकांना स्पर्श होतो म्हणून चार्जिंग चालतं, डेटाच्या टोकांना होत नाही. पिन लावताना हलका ‘टक्’ जाणवला नाही आणि थोडी बाहेर राहिली, तर फोन बंद करायला सांग आणि लाकडी टूथपिकने अलगद कडेकडेने मळ ओढून काढ. सुई, टाचणी, पिनेचं टोक मुळीच नको. टाइप-सीच्या भोकात मधोमध पातळ पट्टी असते, ती वाकली की फोन दुरुस्तीलाच. कॉम्प्युटरच्या बाजूला पुढचं पोर्ट सोडून मागचं, थेट मदरबोर्डवरचं वापर. हब मध्ये घालू नकोस.

एवढं करून वायर ठीक निघाली की फोनच्या पडद्याकडे वळ. अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर आपणहून फक्त चार्जिंग करतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे, म्हणजे बसस्टँडवर कुठेही चार्जिंगला लावलेल्या फोनमधलं कुणी काढून घेऊ नये. आधी फोन अनलॉक करायचा, तोही गिऱ्हाइकाने स्वतः. पासवर्ड विचारायचा नाही, कागदावर तर लिहून घ्यायचाच नाही. मग वरून खाली बोट ओढायचं, यूएसबीची सूचना दिसेल, तिच्यावर टॅप करून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. काही फोनांत त्यापुढे ‘अँड्रॉइड ऑटो’ असं लिहिलेलं असतं, काहींत ‘एमटीपी’. तिथेच ‘पीटीपी’ असंही एक असतं, ते फोटोंपुरतं आहे. पीडीएफ किंवा रेकॉर्डिंग हवं असेल तर ते निवडून उपयोग नाही. रिकामा दिसणारा फोन बहुतेक वेळा इथेच भरलेला दिसायला लागतो.

ही एमटीपी पद्धत नीट समजून घे, कारण पुढच्या निम्म्या कटकटी तिच्यातून येतात. जुने अँड्रॉइड फोन केबल लावली की पेनड्राइव्हसारखे उघडायचे. तेव्हा सगळी साठवण कॉम्प्युटरच्या ताब्यात जायची आणि तेवढा वेळ फोनला स्वतःचेच फोटो दिसायचे नाहीत. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडने ते सोडायला सुरुवात केली आणि मायक्रोसॉफ्टने तयार केलेली एमटीपी घेतली. हिच्यात साठवण फोनच्याच ताब्यात राहते. जुन्या किराणा दुकानात आपण फळीबाहेर उभे राहायचो आणि दुकानदार एकेक जिन्नस आतून आणून द्यायचा, तसं समज. कॉम्प्युटर फळीबाहेर आहे. तो मागतो, फोन आत जाऊन एकेक फाइल काढून देतो, आणि एका वेळी एकच मागणी पुरी करतो.

यातून तीन-चार गोष्टी आपोआप कळतात. कॉपी चालू असताना फोनचं दुसरं फोल्डर उघडून बघत बसू नकोस, दोन्ही कामं अडतात. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये हजारो फोटो असले की ते उघडायलाच काही मिनिटं लागतात आणि वरची हिरवी पट्टी सरकत राहते. तो फोन अडकलेला नाही, यादी करतोय. त्या वेळी केबल काढून पुन्हा लावली की यादी पहिल्यापासून. थंबनेल बंद करून ‘डिटेल्स’ची मांडणी ठेव, म्हणजे प्रत्येक फोटोचं चित्र मागितलं जात नाही आणि काम हलकं होतं. आणि गिऱ्हाइकाला फक्त ४०-५० फोटो हवे असतील, तर कॉम्प्युटरवर शोधण्याच्या फंदात पडूच नकोस. त्यांनाच फोनच्या फाइल्स ॲपमध्ये नवीन फोल्डर करून त्यात हवे ते फोटो कॉपी करायला सांग, आणि मग केबल लाव. मोठ्या पडद्यावर त्यांच्या घरातले सगळे फोटो उघडे पडत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा. बायका तेवढ्यासाठी संकोचून बसलेल्या असतात, तोंडाने बोलत नाहीत.

कधी असं होतं, की आत्ताच डाउनलोड केलेला दाखला फोनमध्ये दिसतो पण कॉम्प्युटरवर दिसत नाही. फोन आपल्याकडच्या यादीतून बघून कॉम्प्युटरला सांगत असतो आणि त्या यादीत नवीन फाइल अजून चढलेली नसते. फोन बंद करून चालू कर, बहुतेक वेळा येते.

मोठं काम असलं, लग्नाचं वगैरे, तर सगळं एकदम उचलू नकोस. महिन्यामहिन्याने किंवा काही शे फोटोंच्या तुकड्यांनी घे. आधी दुकानाच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर, मग तिथून पेनड्राइव्हवर. फोनमधून थेट पेनड्राइव्हवर ओढलं की दोन संथ गोष्टींची गाठ पडते आणि कुठे तुटलं ते कळत नाही. वेळेचा अंदाजही गिऱ्हाइकाला आधीच द्यावा. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३०-३५ मिळाले तरी चांगलं, आणि बारीक बारीक फोटो असले की त्याहून कमी. ३० जीबीला अर्धा तास धरून चाल. टाइप-सी पिन आहे म्हणजे वेग जास्त, असंही नाही. फोनच्या डब्यात येणाऱ्या पुष्कळ टाइप-सी केबली आतून यूएसबी २.० च्याच असतात. साधा आयफोन १५ सुद्धा टाइप-सी असून त्याच वेगाचा आहे. गिऱ्हाइकाला बाजार करून यायला सांग.

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, रिकामा, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असं विंडोज सांगतं तेव्हा माणसं चक्रावतात. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच बसते. लग्नाची अखंड व्हिडिओ फाइल त्याहून मोठी. पेनड्राइव्ह त्यांना विचारून, आतलं काढून घेऊन, एक्सफॅटने फॉरमॅट कर. पण तो घरच्या जुन्या टीव्हीला लावणार आहेत का ते आधी विचार, कारण काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. मग व्हिडिओचे तुकडे करून द्यावे लागतात.

फॉरमॅटवरून आठवलं, मेमरी कार्डाचं लक्षात ठेव. काही फोनांत कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडता येतं. तसं जोडलेलं कार्ड कुलूपबंद होतं आणि फक्त त्याच फोनमध्ये उघडतं. काढून कार्ड रीडरला लावलंस तर विंडोज म्हणेल, वापरण्याआधी फॉरमॅट करा. तिथे ‘होय’ म्हणायचं नाही. कार्ड काढून पुन्हा त्याच फोनमध्ये घाल आणि केबलीने घे. एका बाईंचं कार्ड कुण्या दुकानात असंच फॉरमॅट होऊन माझ्याकडे आलं होतं. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो होते. त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

एवढं सगळं करूनही फोन दिसला नाही तर आता कॉम्प्युटरकडे वळ, आधी नाही. दोन्ही यंत्रं बंद करून चालू करणं, हा पहिला उपाय. मग डिव्हाइस मॅनेजर उघड, ‘पोर्टेबल डिव्हाइसेस’खाली फोनचं नाव पिवळ्या त्रिकोणासह असेल तर ते अनइन्स्टॉल करून केबल काढून पुन्हा लाव. नाही जमलं तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन आपल्याच कॉम्प्युटरवरच्या यादीतून ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ निवड. ड्रायव्हर डाउनलोड करून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटींवर कधी जाऊ नकोस, तिथून ड्रायव्हरपेक्षा व्हायरस लवकर येतो. कुणी स्वतःचा लॅपटॉप घेऊन आलं तर आणखी दोन गोष्टी बघ. युरोपातून आणलेल्या लॅपटॉपवर कधी कधी विंडोजची ‘एन’ आवृत्ती असते, तिच्यात मीडियाचे भाग काढून टाकलेले असतात आणि त्यामुळे फोन दिसत नाही. ‘मीडिया फीचर पॅक’ घातला की काम होतं. आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या लॅपटॉपांवर यूएसबी मुद्दाम बंद असतं. ते उघडायचा प्रयत्न करायचा नाही, त्या मुलाची नोकरी पणाला लागते. आपल्या कॉम्प्युटरवर घेऊन दे. ॲपलच्या मॅकला अँड्रॉइड फोन केबलीने आपणहून समजत नाही, त्यासाठी ओपन-एमटीपीसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आयफोनची रीत वेगळी. लावल्यावर फोनवर प्रश्न येतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का. ‘ट्रस्ट’ म्हणून पासकोड टाकल्याशिवाय काही दिसत नाही. विंडोजवर फोटो आणि व्हिडिओच दिसतात, बाकीच्या फाइली नाहीत. कॉपी करताना ‘डिव्हाइस इज अनरीचेबल’ किंवा जोडलेलं उपकरण चालत नाही असा संदेश येऊन अर्ध्यात तुटत असेल, तर केबल बदलत बसू नकोस. फोनच्या सेटिंगमध्ये फोटोजमध्ये सगळ्यात खाली ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ असतं, तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ कर. ऑटोमॅटिकवर असताना आयफोन प्रत्येक फोटो जाता जाता जेपीजीमध्ये बदलून देतो आणि त्यातच धाप लागून जोडणी तोडतो. मूळ फोटो हेइक प्रकारात येतील. आयफोन २०१७ पासून तसेच काढतो. ते आपण आपल्याकडे बदलून घेऊ. आणि फोनमध्ये हजारो फोटो दिसतात पण केबलीने थोडेच येतात, तर ‘ऑप्टिमाइज स्टोरेज’ चालू आहे असं समज. मूळ फोटो आयक्लाउडवर आहेत, फोनमध्ये नुसती छोटी रूपं.

अँड्रॉइडमध्येही गूगल फोटोजचं ‘फ्री अप स्पेस’ दाबलेलं असलं की हेच होतं. फोटो ॲपमध्ये दिसतो, फोनमध्ये नसतो, त्यामुळे केबलीला सापडत नाही. अशा वेळी इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. उलट, गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना त्या ॲपमधून फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. हे गिऱ्हाइकाला समजावून सांग, शब्द तोलून सांग.

आता व्हॉट्सॲप, कारण निम्मं काम त्याचंच असतं. माणसं म्हणतात, ‘तुम्हाला व्हॉट्सॲप करते की फोटो.’ फ्रेमसाठी तो फोटो घ्यायचा नाही. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं, पासपोर्ट फोटोला चालतो, भिंतीवरच्या फ्रेमला फुटतो. केबल नसेलच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, तसा पाठवलेला फोटो मूळचा तसाच येतो.

आणि व्हॉइस नोट. हे काम मनापासून करत जा. घरातलं माणूस गेलं, की महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी येतं आणि विचारतं, त्यांचे आवाज काढून देता का. आवाज व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्येच असतात, पण अँड्रॉइड ११ पासून ते फोल्डर हललं आहे. पूर्वी फोनच्या साठवणीत वरच ‘व्हॉट्सॲप’ दिसायचं, आता ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, त्यात ‘व्हॉट्सॲप’, पुन्हा ‘मीडिया’, आणि मग ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’. आत आठवड्यांची फोल्डरं असतात आणि फाइलीच्या नावात तारीख असते. कुणाचा आवाज ते मात्र नावावरून कळत नाही, म्हणून आधी चॅटमध्ये बघून तारखा लिहून घ्यायच्या आणि त्या तारखांच्या फाइली काढायच्या. त्या ओपस प्रकारच्या असतात. घरच्या लोकांना उघडत नाहीत म्हणून एमपी-३ करून द्यायच्या, पण मूळ ओपसही पेनड्राइव्हवर बरोबर ठेवायच्या. तारखा जुळवताना माणसं रडतात. घाई करू नकोस, मागे रांग असली तरी. पैसे या कामाचे आपण घेत नाही.

केबलीविना पाठवायच्या रीतीही येऊ देत. बरेच जण अजून शेअरइट आणि झेंडर मागतात. २९ जून २०२० ला सरकारने बंद केलेल्या ५९ ॲपांत ती दोन्ही होती. कुठून तरी मिळालेली त्यांची फाइल फोनमध्ये घालू नकोस. आता गूगलचं ‘क्विक शेअर’ आहे, विंडोजवरही चालतं. वायफाय एकच असेल तर ‘लोकलसेंड’ चांगलं, आयफोनपासून विंडोजपर्यंत सगळ्यांत चालतं, फुकट आहे. दुकानाचं वायफाय बंद असेल तर गिऱ्हाइकाच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्याला जोड. फाइली दोघांतच जातात, त्यांचा नेटपॅक त्यात खर्च होत नाही, हे त्यांना सांग म्हणजे ते घाबरणार नाहीत. मात्र विंडोजचे आपोआप अपडेट तेवढा वेळ थांबवून ठेव, ते नेट खातात. दोघं एकमेकांना दिसत नसतील तर विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ वरून ‘प्रायव्हेट’ कर. ब्लूटूथ एखाद्या पीडीएफपुरतं ठीक. व्हिडिओ त्यावरून पाठवायला बसलीस तर दुकान बंद करायची वेळ होईल.

फुटलेल्या पडद्याचा फोन आला तर काच तडकलेली आहे की पडदाच काळा आहे ते बघ. दिसतंय पण बोट लागत नाही, असं असेल तर ओटीजीने माउस लाव, पासवर्ड माउसने टाकता येतो. पडदा काळा असेल तर फोन अनलॉक होणार नाही आणि केबलीने काही मिळणार नाही. आधी डिस्प्ले बदलून घ्यायला सांग, आणि दुरुस्तीवाल्याला ‘रीसेट करायचा नाही’ हे तोंडावर सांगायला सांग. त्या दुकानांत रीसेट ही पहिली सवय असते.

सगळं उतरलं की तपासायचं. फोनच्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि आपल्याकडची संख्या जुळते का बघ, दोन्ही आकडे खिडकीच्या तळाशी दिसतात. शून्य केबीची फाइल आहे का बघ. पहिला, मधला, शेवटचा फोटो उघड. सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे सरकवून बघ, अर्धवट आलेली फाइल सुरुवातीला बिनतक्रार चालते आणि शेवटी दगा देते. मग त्यांच्यासमोर पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढ आणि त्यांच्या हातात दे.

त्यांचं काम संपलं, अल्बम छापून गेला, की दुकानाच्या कॉम्प्युटरवरचं त्यांचं फोल्डर शिफ्ट-डिलीट करायचं. कधी करणार ते त्यांना आधी सांगायचं, म्हणजे अजून एखादी प्रत हवी असेल तर ते वेळेत येतात. आणि कुणी घाईत आपल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर ते दुकानातून बाहेर पडण्याआधी त्यांच्याच फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडायला लावून तिथून लॉग आउट करून घे. नुसती खिडकी बंद करून ते बंद होत नाही.